गोठलेल्या खिडकीची चौकशी

विंडोजवरचा एखादा प्रोग्रॅम पाच सेकंद आपल्या मेसेजच्या रांगेकडे फिरकला नाही, की विंडोज त्याची खरी खिडकी लपवतं आणि त्याच जागी, त्याच आकाराची, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी खिडकी उभी करतं. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत तिला ‘घोस्ट विंडो’ म्हणतात. विंडोज एक्सपीपासून (२००१) ही सोय आहे. शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं जे दिसतं, ते या बदली खिडकीवर लिहिलेलं असतं. ती हलवता येते, लहान करता येते, बंद करता येते, कारण ती मूळ प्रोग्रॅमची नसून विंडोजची असते. आत मात्र कितीही क्लिक केलं तरी काही घडत नाही. तिच्यामागे ऐकणारं कोणी नसतं.

लिनक्सवर ग्नोमसारखं डेस्कटॉप प्रोग्रॅमला अधूनमधून ‘आहेस ना?’ असं विचारतं आणि उत्तर आलं नाही की ‘थांबू की बंद करू?’ असा प्रश्न वापरणाऱ्यासमोर ठेवतं. मॅकवर रंगीत चकती फिरू लागते. तिन्हीकडे अर्थ एकच. आपण याला ‘हँग झालं’ म्हणतो आणि शेजारच्या टेबलावरून ठरलेला सल्ला येतो: बंद करून पुन्हा चालू कर. काम अडलेल्या माणसाच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण दोष शोधायचा असेल तर हा सल्ला फार महागात पडतो. प्रोग्रॅम गोठलेला असतो तेवढ्याच वेळात तो नेमका कुठे अडकला आहे हे त्याच्याकडूनच कळू शकतं. तो बंद केला की पुरावा गेला, आणि उरतात ते अंदाज.

हे समजायला खिडकी चालते कशी ते पाहावं लागतं. पडद्यावरची खिडकी ही एकदा मांडून ठेवलेली वस्तू नाही. माउस हलला, कळ दाबली, खिडकीचा आकार बदलला, तिचा काही भाग पुन्हा रंगवायची गरज पडली, की विंडोज प्रत्येक गोष्टीचा एक मेसेज तयार करून प्रोग्रॅमच्या रांगेत टाकतं. प्रोग्रॅमच्या मुळाशी एक छोटंसं चक्र सतत फिरत असतं: रांगेतला पुढचा मेसेज उचल, संबंधित खिडकीकडे पाठव, तिचं काम होईपर्यंत थांब, मग पुढचा उचल. याला मेसेज लूप म्हणतात. क्यूटी, जीटीके, जावाचं स्विंग, मॅकचं कोको, पायथनचं टीकिंटर, कुठेही गेलात तरी नाव बदलतं, चक्र तेच राहतं. आणि ते चक्र एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतला कामाचा एकच धागा, फिरवत असतो.

एसटी स्थानकावरच्या आरक्षणाच्या खिडकीवर एकच कारकून असावा, आणि एका प्रवाशाची तक्रार निस्तरायला तो उठून आत आगारप्रमुखाकडे जावा, तशी ही अवस्था. त्याचं आतलं काम खरंच चालू असतं. रांगेतल्या माणसांना दिसते ती रिकामी खुर्ची. बटण दाबल्यावर तुमच्या कोडने डेटाबेसला प्रश्न विचारला आणि उत्तर यायला आठ सेकंद लागले, तर त्या आठ सेकंदांत ‘पुन्हा रंगव’ हा मेसेज वाचायलाही कोणी नसतं.

विंडोज ३.१ च्या काळात तर सगळ्या प्रोग्रॅमांची मिळून कीबोर्ड-माउसची रांग एकच होती. एकाने चक्र अडवलं की सगळा संगणकच ठप्प. विंडोज एनटीने आणि पुढे विंडोज ९५ ने ३२-बिट प्रोग्रॅमांना स्वतंत्र रांगा दिल्या, तेव्हा एकाच्या खोळंब्यात दुसऱ्याने अडकणं थांबलं. एका प्रोग्रॅमच्या आत मात्र परिस्थिती अजून तशीच आहे.

नवशिका प्रोग्रॅमर इथे हमखास विचारतो, आजच्या प्रोसेसरमध्ये आठ-दहा कोअर असताना खिडकीचं काम एकाच थ्रेडवर का? अनेक थ्रेडना खिडकीला हात लावू द्यावा, एका वेळी एकालाच आत सोडणारी कुलुपं घालावीत, झालं! प्रश्न रास्त आहे, आणि हा प्रयोग लोकांनी करून पाहिला आहे. जावाची पहिली खिडकी-लायब्ररी एडब्ल्यूटी ही कुठल्याही थ्रेडवरून वापरता यावी, अशी मुळातली इच्छा होती. तिच्यानंतर आलेल्या स्विंगने ती सोडून दिली आणि एकच थ्रेड हा नियम केला. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जावाच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेल्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ साली यामागचं कारण लिहून ठेवलं, आणि ते मला या विषयातलं सर्वांत मोलाचं स्पष्टीकरण वाटतं. घटना खालून वर येतात: आधी ऑपरेटिंग सिस्टिम, मग लायब्ररी, मग तुमचा कोड. आज्ञा वरून खाली जातात: आधी तुमचा कोड, मग लायब्ररी, मग ऑपरेटिंग सिस्टिम. दोन्ही दिशांनी जाणारे थ्रेड वाटेत कुलुपं लावत गेले, तर एकाने खालचं कुलूप धरून वरच्याची वाट पाहायची आणि दुसऱ्याने वरचं धरून खालच्याची, असा प्रसंग आज ना उद्या येणारच. दोघंही कायमचे अडकतात. यालाच डेडलॉक म्हणतात. एकच थ्रेड ठेवण्यामागे हा पक्का अनुभव आहे, कुणाचा आळस नाही.

म्हणून रीत ठरली: लांबचं काम मागच्या थ्रेडवर करायचं आणि निकाल खिडकीच्या रांगेत एक मेसेज म्हणून परत टाकायचा. डॉटनेटमध्ये त्यासाठी इन्व्होक आणि बिगिनइन्व्होक आहेत, स्विंगमध्ये इन्व्होकलेटर आणि स्विंगवर्कर, क्यूटीत रांगेतून जाणारे सिग्नल, टीकिंटरमध्ये ‘आफ्टर’. नाव कुठलंही असो, मागच्या थ्रेडने खिडकीला स्वतः हात लावायचा नाही एवढं पाळायचं.

हा नियम मोडला तर काय होतं, याचं उत्तर भयंकर आहे: बहुतेक वेळा काहीच होत नाही. शंभर वेळा चालतं आणि एखाद्या दिवशी ग्राहकाच्या संगणकावर यादी अर्धवट रंगते किंवा प्रोग्रॅम कोसळतो. डॉटनेट २.० पासून (२००५) डीबगरखाली चालवताना असा स्पर्श झाला की लगेच ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ असा स्पष्ट अपवाद उठतो. हे मोठं उपकाराचं काम आहे. तरीही ही तपासणी बंद करण्याची एक ओळ लिहून ‘एरर गेला’ म्हणणारे प्रोग्रॅमर मी पाहिले आहेत. एरर गेलेला नसतो, फक्त तो कळवणारा गप्प बसवलेला असतो.

दुसरी पळवाट डूइव्हेंट्सची. लांबच्या लूपमध्ये मधूनमधून ही आज्ञा दिली की साचलेले मेसेज तिथल्या तिथे वाचले जातात आणि खिडकी जिवंत वाटते. पण त्या साचलेल्या मेसेजांमध्ये ‘सेव्ह’ बटणाचा दुसरा क्लिकही असतो. पहिलं सेव्ह अर्ध्यावर असताना त्याच्या पोटात दुसरं सुरू होतं. कधी वापरणारा खिडकीच बंद करतो आणि लूप परत आल्यावर नसलेल्या खिडकीत लिहू पाहतो. एखाद्या जुन्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये एकच बिल दोनदा नोंदवलं जात असेल, तर मी पहिल्यांदा डूइव्हेंट्स शोधेन.

तिसरी चूक नवी आहे. सी शार्पमध्ये २०१२ साली असिंक आणि अवेट आले आणि मागच्या थ्रेडची बरीच दगदग संपली. अवेटनंतरचा कोड मूळ खिडकीच्या थ्रेडवर परततो, ही त्याची सोय. आता कुणी अवेट न करता निकालाच्या ‘रिझल्ट’वर ठाण मांडून बसलं, तर खिडकीचा थ्रेड कामाची वाट पाहतो आणि काम संपायला तोच थ्रेड मोकळा व्हायला हवा असतो. इथे कुलूप कुणीच लावलेलं दिसत नाही, पण डेडलॉक पूर्ण. खात्रीचा उपाय: वरपासून खालपर्यंत सगळीकडे अवेट.

आता प्रत्यक्ष चौकशी. खिडकी गोठली आहे, प्रोग्रॅम अजून चालू आहे. पहिला प्रश्न: खरंच गोठली आहे का? पुष्कळदा एखादा ‘ओके’ मागणारा छोटा संवाद मुख्य खिडकीच्या मागे दडलेला असतो, कारण तो उघडताना त्याची मालक-खिडकी चुकीची दिलेली असते. तेव्हा शीर्षकावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येत नाही आणि क्लिक केलं की ‘टंग’ असा आवाज होतो. हा आवाज आला तर मेसेज लूप शाबूत आहे. ऑल्ट-टॅबने मागे काय आहे ते बघा.

दुसरा प्रश्न प्रोसेसरचा. टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रॅमचा आकडा शून्याजवळ असेल तर थ्रेड कशाची तरी वाट पाहतो आहे: नेटवर्क, डिस्क, डेटाबेस, कुलूप. आकडा वर असेल तर तो हिशेबात किंवा न संपणाऱ्या लूपमध्ये आहे. ‘वर’ म्हणजे किती, इथे लोक फसतात. आठ लॉजिकल प्रोसेसरच्या संगणकावर एकच थ्रेड पूर्ण जोराने धावत असेल, तर टास्क मॅनेजर शंभराच्या आठव्या हिश्श्याइतकं, म्हणजे १२ ते १३ टक्के दाखवतो. तो किरकोळ वाटून दुर्लक्षिला जातो. प्रत्यक्षात ती त्या थ्रेडची कमाल असते.

तिसरा आणि खरा प्रश्न: मुख्य थ्रेड या क्षणी कुठल्या ओळीवर आहे? व्हिज्युअल स्टुडिओत ‘ब्रेक ऑल’ दाबा आणि मुख्य थ्रेडचा कॉल स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं याची उतरंड, उघडा. जावासाठी जेस्टॅक आहे, त्यात ‘एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू-०’ या नावाचा थ्रेड शोधायचा. पायथनसाठी पाय-स्पाय, लिनक्सवर जीडीबी, मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला ‘सॅम्पल’. स्टॅकच्या तळाशी मेसेज लूप असतो, माथ्यावर बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमचं एखादं थांबण्याचं फंक्शन. माथ्याकडून खाली येत जा. तुम्ही स्वतः लिहिलेलं जे पहिलं फंक्शन भेटेल, तिथे उत्तर असतं. पाच-सात सेकंदांच्या अंतराने दोन-तीनदा हेच करा. दर वेळी तीच ओळ दिसली तर ती अडकलेली आहे, ओळी बदलत असतील तर काम चालू आहे पण फार आहे, किंवा लूप संपतच नाही.

सापडणारे गुन्हेगार ओळखीचे असतात. बंद पडलेल्या नेटवर्क प्रिंटरला कागदाचे आकार विचारणं. दुसऱ्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये फाइल आहे का ते पाहणं, आणि तो संगणक आज चालूच नसणं. यादीत दहा हजार ओळी एकेक करून घालणं आणि प्रत्येक ओळीनंतर ती यादी पुन्हा रंगणं. शेवटचा दोष घालवायला मागच्या थ्रेडचीही गरज नाही. डॉटनेटच्या विनफॉर्म्समध्ये भरणं सुरू होताना बिगिनअपडेट आणि संपल्यावर एन्डअपडेट म्हटलं की रंगवणं एकदाच होतं.

किती उशीर चालतो, याचे आकडे जेकब नील्सन यांच्या १९९३ च्या ‘युजेबिलिटी इंजिनिअरिंग’ या पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाले: ०.१ सेकंदापर्यंत माणसाला उत्तर तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. स्क्रोलिंग किंवा खेचणं यांसारख्या हालचालीत मोजमाप याहून कडक आहे. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. विंडोजची पाच सेकंदांची मर्यादा ही यंत्राची सहनशक्ती आहे. माणसाची त्याआधीच संपलेली असते.

रंगवण्याचे दोषही मेसेजच्या याच व्यवस्थेतून येतात. बटणाच्या क्लिकमध्ये थेट पडद्यावर रेघ ओढली, ती दिसली, आणि खिडकी लहान करून परत मोठी केल्यावर गायब झाली, ही तक्रार प्रत्येक पिढीचे विद्यार्थी करतात. पुन्हा रंगवण्याचा मेसेज आला तेव्हा ती रेघ कुणी काढलीच नाही, म्हणून ती नाही. क्लिकमध्ये फक्त माहिती साठवायची, ‘हा भाग जुना झाला’ असं कळवायचं आणि चित्र त्या रंगवण्याच्या मेसेजच्या वेळीच काढायचं. पूर्वी दुसरी खिडकी वरून सरकली तरी रेघ पुसली जाई, त्यामुळे चूक लगेच कळे. विंडोज व्हिस्टापासून डेस्कटॉप कंपोझिशनमध्ये प्रत्येक खिडकीचं चित्र वेगळं जपलं जातं, म्हणून आता हीच चूक कितीतरी उशिरा उघडी पडते. लुकलुकणं हे या दोषाचं भावंड: आधी पार्श्वभूमी पुसली जाते, मग चित्र येतं, आणि मधला कोरा क्षण डोळ्याला दिसतो. चित्र आधी स्मृतीत तयार करून एकदम पडद्यावर टाकणं, म्हणजे डबल बफरिंग, हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा इलाज.

सकाळी नीट चालणारा प्रोग्रॅम दुपारनंतर विचित्र दिसू लागला, बटणं काळी पडली, चिन्हं गेली, तर स्मृतीच्या आधी हँडल, म्हणजे विंडोजकडून मागून घेतलेल्या वस्तूंचे क्रमांक, मोजा. विंडोजमध्ये एका प्रोसेसला जीडीआय या चित्र काढण्याच्या यंत्रणेच्या पेन, ब्रश, फॉन्ट, बिटमॅप अशा वस्तू ठरावीक मर्यादेतच मिळतात. मूळ मर्यादा १०,००० आहे. प्रत्येक रंगवण्यात एक फॉन्ट तयार केला आणि परत केला नाही, की दिवसभरात ती गाठली जाते. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हा स्तंभ लावून ठेवा. आकडा फक्त चढतच असेल तर गळती आहे.

अस्पष्ट, धुरकट दिसणारी खिडकी हा वेगळा विषय. जुन्या प्रोग्रॅमांनी इंचाला ९६ ठिपके गृहीत धरले होते. आज लॅपटॉपवर १२५ किंवा १५० टक्के मोजमाप सर्रास असतं. ‘मला मोजमाप कळतं’ असं प्रोग्रॅमने आपल्या मॅनिफेस्टमध्ये सांगितलं नाही, तर विंडोज त्याचं चित्र ९६ च्या हिशेबाने घेऊन ताणतं, आणि ताणलेली अक्षरं धुरकट होतात. दोन वेगळ्या मोजमापांचे पडदे जोडलेले असतील, तर विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीत आलेली ‘पर मॉनिटर व्ही २’ ही घोषणा करावी. मात्र घोषणा केल्यावर कोडमधले पिक्सेलचे ठोक आकडे शोधून काढावेच लागतात, नाहीतर अक्षरं स्वच्छ होतात आणि मांडणी मोडते.

मराठी वाचकाला जवळचा दोष मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. इंग्रजीत नीट दिसणारा अर्ज मराठीत आणला की रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, ‘कृ’ आणि ‘द्रू’चे खालचे फराटे नाहीसे होतात. कारण साधं आहे: लेबलची उंची रोमन अक्षरांवरून ठोकून दिलेली असते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली दोन्हीकडे जागा लागते. उंची फॉन्टला विचारून ठरवा.

त्याहून खोल दोष अक्षरं मोजण्याचा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द युनिकोडमध्ये दहा संकेतांचा आहे, वाचणाऱ्याला मात्र चारच अक्षरं दिसतात: म, हा, रा, ष्ट्र. स्तंभात जागा नाही म्हणून कोडने सात संकेतांवर शब्द तोडला की उरतं ‘महाराष्’. एकेक संकेत सुटा रंगवला तर जोडाक्षरच बनत नाही आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते, कारण ती साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसावी लागते आधी. ही जुळणी विंडोजवर युनिस्क्राइब आणि त्यानंतरचं डायरेक्टराइट करतं, क्यूटी आणि लिबरऑफिससारख्या ठिकाणी हार्फबझ करतं. आपण त्यांना अख्खा मजकूर द्यायचा आणि मधे पडायचं नाही. कुठले संकेत मिळून एक अक्षर मानायचं, या नियमांतही देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद युनिकोडने १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली केली. त्यामुळे जुन्या लायब्ररीत कर्सर जोडाक्षराच्या मधोमध थांबला तर आधी तिची आवृत्ती पाहा. मराठी माणसांसाठी मराठीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी चाचणीच्या यादीत ‘दुसऱ्या’, ‘कर्तृत्व’, ‘ज्येष्ठ’, ‘उर्वीं’ असे शब्द घालावेत, हे मी हक्काने सांगतो. ‘टेस्ट १, टेस्ट २’ टाइप करून यातला एकही दोष दिसत नाही.

आणि प्रोग्रॅम नुसता वापरणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी तुमचं सॉफ्टवेअर गोठलं तर ‘एंड टास्क’ दाबण्याआधी टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये जा, त्याच्या नावावर उजवं क्लिक करा आणि डम्प फाइल तयार करण्याचा पर्याय निवडा. तयार होणाऱ्या फाइलमध्ये त्या क्षणीचा मुख्य थ्रेड जसाच्या तसा असतो. तिच्यात तुमचा उघडा मजकूरही असतो, तेव्हा ती ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्याच्याखेरीज कुणाला देऊ नका. पण त्याला जरूर द्या, आणि सोबत फक्त ‘हँग झालं’ असं न लिहिता शेवटचं कुठलं बटण दाबलं होतं तेही लिहा.